शेवटचं पाणी आणि माझ्या काठाचा पोचा

मित्रांनो, हिशेब आधी सांगतो, म्हणजे पुढे घोळ नको. नवऱ्याच्या ऑफिसच्या कामामुळे घरच्यांसह परदेशात आलेल्या एका सुनेच्या पदरात त्या सकाळी दोन गोष्टी पडायच्या होत्या. पहिली म्हणजे तास-दीड तासाची मोकळीक. बाळाला लॉजवर नवऱ्याकडे ठेवायचं, सासूबाईंना न्हाणीघरात सोडायचं आणि आपण एकटीने दुकानं बघत फिरायचं. मग कुठेतरी टेकून गरम कॉफी प्यायची. बाळ झाल्यापासून तिने कॉफी गरम असताना प्यायलीच नव्हती. दुसरी गोष्ट जास्त मोलाची होती. वाफेने आणि चोळण्याने सासूबाईंचं अंग सैल झालं की मनही जरा सैल होईल, आणि महिनाभर जिभेवर अडकलेलं एक वाक्य एकदाचं बोलून टाकता येईल. या सगळ्याच्या बदल्यात तिचं जाणार काय होतं? काहीच नाही. असा नुसत्या नफ्याचा सौदा दिसला की मी सावध होतो.

मी एक जुना वाडगा आहे. तांब्याचा, ओंजळीत बसेल एवढा, आणि एका बाजूला काठ आत गेलेला. त्या आत गेलेल्या काठाचीच ही गोष्ट आहे, पण जन्मापासून सांगितल्याशिवाय आम्हा भांड्यांना चैन पडत नाही.

एका अरुंद गल्लीत एका तांबटाने मला घडवलं. तिथे दिवसभर एवढी ठकठक चालायची की शेजारी एकमेकांची ख्यालीखुशालीसुद्धा ओरडून विचारत. मी तेव्हा सपाट पत्रा होतो. तांबटाने मला तापवलं, पाण्यात बुडवलं, ठोकलं आणि पुन्हा तापवलं. ठोकताना तो आपल्या मेव्हण्याला शिव्या घालायचा. मेव्हण्याने काय केलं होतं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही, पण माझा आकार इतका सुबक आला त्यात त्या मेव्हण्याचा वाटा आहे असं मी मानतो. मग आतून कल्हई झाली, तांबटाच्या बायकोने मला पदराने पुसलं, उजेडात धरून माझ्यात स्वतःचा चेहरा पाहिला आणि ती म्हणाली, "बाई गं, किती म्हातारी झाले मी!" माझ्या वाट्याला आलेलं पहिलं कौतुक ते हे असं.

तिथून मी या न्हाणीघरात आलो. बायकांच्या बाजूची ही मोठी गोल, घुमटाची खोली. मधोमध दगडी ओटा आहे आणि त्याला खालून भट्टीचा शेक लागतो. भिंतीला लागून दगडी कुंड्या आहेत आणि प्रत्येक कुंडीवर एक पितळी नळ. तो नळ कधी बंद होत नाही. पाणी कुंडीत पडतं, ओसंडतं, पन्हळीतून वाहत जातं आणि त्याचा आवाज दिवसभर खोलीत भरून राहतो. येणारी बाई आधी ओट्यावर पडते. घाम फुटला की खरखरीत हातमोजा घालून तिला घासतात, मग साबणाच्या फेसात बुडवतात. आणि मग माझी पाळी येते.

ती पाळी म्हणजे या घराचा जुना नियम. शेवटचं पाणी ज्याचं त्याने ओतायचं. वाडगा दोन्ही हातांनी भरायचा, डोक्याच्या वर न्यायचा आणि रिता करायचा. त्यात दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. त्याशिवाय ओट्यावरून कुणी बाहेर जात नाही, मग ती राणी असो की मालकीणबाईंची विहीण. घासायचं काम करणाऱ्या बाईला सगळे मावशी म्हणतात. ती म्हणते, "मळ मी काढते. पण अंघोळ तुझी ना? मग शेवटचं पाणी तुझ्या हातचं."

या नियमामुळे मला फार हात मिळाले. हातांवरून माणूस ओळखायचं कसबही त्यातूनच आलं. भांडण करून आलेली बाई मला गच्च धरते. जिचं लग्न ठरलंय ती धरता धरता विसरते. काहींना डोक्यावर पाणी ओतताना उगाच रडू येतं, आणि पाण्यात पाणी मिसळलं की कुणाला काही कळत नाही. मला कळतं. मी कुणाला सांगत नाही. तुम्हाला सांगतोय ते वेगळं.

मध्यंतरी वाईट दिवसही पाहिले. मालकीणबाईंना एकदा रंगीत प्लास्टिकच्या मगांचा सोस आला. आम्ही तांब्याची भांडी फळीवर गेलो. माझ्यात साबणाचे तुकडे, तुटके कंगवे आणि कुणाची तरी विसरलेली एक चप्पल नांदत होती. चप्पल एकच, तिची जोडीदारीण कुठे गेली देव जाणे. मी काळा पडलो. पण वाफेपुढे प्लास्टिकचं काही चालेना. ते रंगीत मग वाकडे झाले, त्यांचे कान तुटले, आणि एक दिवस मावशीने मला फळीवरून खाली काढून राख-आंबटाने असं घासलं की मालकीणबाई म्हणाल्या, "हा नवा कधी आणला?" मावशी म्हणाली, "तुमच्या लग्नाआधीचा आहे."

तर आता ती सकाळ.

सून दारातच अडकली. ती सासूबाईंना पुढे करून मालकीणबाईंना खुणेने सांगत होती: या एकट्याच, मी नाही. मालकीणबाईंनी मान हलवली. पहिल्यांदा येणाऱ्या बाईबरोबर घरचं माणूस हवंच. आत भोवळ आली तर? त्यांनी सुनेच्या हातातही एक पंचा ठेवला आणि कॉफीच्या दुकानाकडे उघडणारं दार लावून घेतलं. पहिला नफा तिथेच बुडाला.

(पाहुण्यांची भाषा वेगळी, इथली वेगळी. दोन्हीकडच्या बायका हातवाऱ्यांवर काम भागवत होत्या. मला मात्र सगळंच कळतं, इतक्या जणींचं बोलणं माझ्यात सांडलेलं आहे. तुम्हाला मी एकाच भाषेत सांगतो.)

सासूबाई आत आल्या त्या पंचा छातीशी आवळून, तपासणीला आल्यासारख्या. त्यांनी छत पाहिलं, ओटा पाहिला, मावशीचे दंड पाहिले. मग त्यांची नजर नळावर गेली आणि तिथेच खिळली.

"अगं, नळ चालूच ठेवलाय!"

"आई, इथे तसंच असतं."

"असतं म्हणजे? केवढं पाणी वाया!" आणि त्यांनी जाऊन नळ बंद केला.

खोली एकदम शांत झाली. मावशीने वळून पाहिलं, तिच्या इतक्या वर्षांच्या नोकरीत असं झालं नव्हतं. तिने नळ उघडला. सासूबाईंनी तिची पाठ वळायची वाट पाहिली आणि पुन्हा बंद केला. मावशीने पुन्हा उघडला आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. सून पंच्यात तोंड लपवून हसत होती.

हसण्याच्या भरात तिला एक गोष्ट दिसली नाही. मला दिसली, कारण मी त्याच कुंडीच्या काठावर होतो. नळ सासूबाईंच्या उजव्या हाताला होता. तरी दोन्ही वेळा त्या पूर्ण वळसा घालून आल्या आणि डाव्या हाताने त्यांनी तो फिरवला.

मग दोघी ओट्यावर पडल्या, एकीचं डोकं इकडे, एकीचं तिकडे. घाम फुटला. मावशीने हातमोजा चढवला आणि सासूबाईंच्या पाठीपासून सुरुवात केली. थोड्याच वेळात राखाडी वळकट्या निघायला लागल्या. मावशीने त्यातली एक अभिमानाने सासूबाईंच्या डोळ्यांसमोर धरली.

"हे काय?"

"मळ आहे, आई."

"माझा?" सासूबाई कोपरावर उठल्याच, डाव्या कोपरावर. "शक्य नाही. मी दोन वेळा अंघोळ करते! तिच्या हातमोज्यातला असेल, आधीच्या बाईचा."

मावशीने हातमोजा धुऊन दाखवला, पिळून दाखवला आणि पुन्हा घासलं. पुन्हा वळकट्या.

"प्रवासाचा आहे," सासूबाईंनी जाहीर केलं. "आता तिला म्हणावं, सुनेला घास. बघू तरी तिचा किती निघतो."

सुनेचा जास्त निघाला. सासूबाईंच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते दुसऱ्या कुठल्याच उपचाराने आलं नसतं.

आता तुम्हाला त्या अडकलेल्या वाक्याबद्दल सांगायला हवं. मला ते नंतर त्यांच्याच तोंडून कळलं, पण तुम्ही आत्ताच ऐका. बाळाचं लाडाचं नाव ढब्बू, आणि नावाप्रमाणेच तो वजनदार. या प्रवासाहून परतल्यावर सुनेची नोकरी पुन्हा सुरू व्हायची होती. सासूबाईंनी घरात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, "पाळणाघराचं नाव काढायचं नाही. मी आहे ना!" त्यासाठी त्या आपलं दूरच्या गावातलं घर बंद करून, मुलाकडे येऊन राहिल्या होत्या. पण सून रोज बघत होती. आजीबाई गाणी म्हणतात, टाळ्या वाजवतात, बाळाला समोर बसवून जगभरच्या गप्पा मारतात, पण तो हात पसरून रडायला लागला की म्हणतात, "अगं, घे गं याला!" कधी उचलून कडेवर घेत नाहीत. सुनेने मनाशी ठरवलं होतं: यांना बाळ अंगावर नको आहे, फक्त बोलायला हवं आहे. तेव्हा तो पाळणाघरात जाईल, आणि सासूबाईंनी खुशाल आपल्या घरी जावं. तेच सांगायचं होतं. आज, अंग सैल झालं की.

आणि अंग सैल झालं होतं. फेसाचा डोंगर अंगावरून उतरला, दोघी लालबुंद होऊन ओट्यावर उठून बसल्या. सासूबाईंचे डोळे अर्धे मिटलेले होते. सुनेने घसा साफ केला.

"आई, एक बोलायचं होतं."

"बोल की."

तेवढ्यात मावशी मला भरून घेऊन आली आणि सासूबाईंच्या पुढ्यात धरून तिने खूण केली: दोन्ही हात, वर, डोक्यावरून.

सासूबाईंचे डोळे पूर्ण उघडले. "डोक्यावरून? नको बाई, मला सर्दी होते."

"पाणी गरम आहे, आई."

"केस वाळत नाहीत माझे."

"ओलेच आहेत ते आता."

"मग झालंच की! आणखी कशाला ओले करायचे?"

मावशी हलली नाही. नियम म्हणजे नियम. सून म्हणाली, "ओता ना आई, एवढा एक वाडगा. ती बिचारी कधीची उभी आहे." स्वर गोड होता, पण आतून ती चिडली होती. बाळ उचलत नाहीत, आणि आता वाडगाही उचलत नाहीत!

सासूबाईंनी मला घेतलं. मित्रांनो, मी हातांबद्दल बोललो ते आठवा. डाव्या हातात जीव होता. उजवा हात माझ्याखाली नुसता लावलेला होता, लोकांना दिसावा म्हणून. मी वर जाऊ लागलो. पोटापर्यंत गेलो, छातीपर्यंत गेलो, आणि उजवा हात तिथे थांबला. गंजलेल्या कडीसारखा थांबला. सासूबाईंचे ओठ घट्ट मिटले. त्यांना वाटलं, उरलेलं अंतर डाव्या हाताच्या झटक्याने काढावं. त्यांनी झटका दिला. मी तिरका झालो, ओल्या बोटांतून सुटलो आणि ओट्याच्या कडेवर काठावरच आदळलो.

घुमटाखाली तांबं पडलं की आवाज बराच वेळ घुमत राहतो.

"हात ओला होता," सासूबाई म्हणाल्या.

सून माझ्याकडे बघत नव्हती. ती त्या हाताकडे बघत होती. "आई, उजवा हात वर करा."

"कशाला? शाळा आहे का ही?"

"करा ना."

"नंतर करीन."

मावशीने मध्ये कुणाला विचारलं नाही. तिने सासूबाईंचा दंड हलकेच धरला आणि वर न्यायला गेली. "अगं आई गं!" सासूबाई कळवळल्या. मावशीने हात लगेच खाली ठेवला आणि सुनेकडे पाहिलं. त्या बघण्याला दुभाषा लागत नव्हता.

"कधीपासून?" सुनेने विचारलं.

"काय कधीपासून?"

"आई."

"असेल झालं, ढब्बूच्या जन्माआधीपासून." सासूबाई पंच्याचं टोक पिळत बसल्या. "आधी केस विंचरता येईनात. मग फळीवरचा डबा येईना. म्हटलं, होईल बरं."

"म्हणजे तुम्ही ढब्बूला उचलत नाही ते..."

"बसल्या बसल्या घेते की मांडीवर. उभ्याने भरवसा वाटत नाही गं. हातातून निसटला तर? हा वाडगा पडला बघ कसा."

सून ओट्यावरून सरकत त्यांच्याजवळ आली. "मला वाटलं, तुम्हाला तो अंगावर नको असतो."

"नको?" सासूबाईंचा आवाज चढला आणि तिथेच फुटला. "त्याच्यासाठीच तर लपवलं! तुला सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस? पाळणाघराला फोन. आणि मग माझं काय काम होतं तुमच्याकडे? गेले असते परत, दोन खोल्यांत एकटी. भिंतींना गाणी म्हणून दाखवायला."

सून म्हणाली, "मी तेच सांगणार होते. आज."

"ठाऊक आहे मला."

"ठाऊक आहे?"

"उगाच का कुणी सासूला वाफ द्यायला परदेशात आणतं?"

सुनेला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही आलं, आणि तिने दोन्ही आवरायचा प्रयत्न केला नाही. सासूबाईंनी डाव्या हाताने तिच्या केसांतला उरलेला फेस काढला. "बघ, तुझ्या पाठीवर अजून मळ आहे," असं म्हणाल्या. माया करायची त्यांची ती रीत.

मावशी मला पुन्हा भरून घेऊन आली. काठाला पडलेल्या पोच्यातून थोडं पाणी सांडत होतं. तिने मला सासूबाईंच्या हातांत दिलं. सुनेने पुढे होऊन आपले हात त्यांच्या हातांखाली घातले.

मावशीचं बोट नकाराचं हलायला वर आलं. दुसऱ्याने हात लावायचा नाही, ही या घराची रीत. आजवर तिने ती मालकीणबाईंसाठीसुद्धा मोडली नव्हती. तिने त्या चार हातांकडे पाहिलं. मग बोट खाली घेतलं, छताकडे तोंड केलं आणि म्हणाली, "आज वाफ फार झाली आहे. मला काही दिसत नाही."

मी वर गेलो. छातीपर्यंत दोघींनी नेलं, तिथून पुढे सुनेने. सासूबाईंची बोटं मात्र शेवटपर्यंत माझ्यावर होती. पाणी पडलं ते दोघींच्या डोक्यावर पडलं, कारण त्या तेवढ्या जवळ बसल्या होत्या.

मग तिथेच, ओल्या केसांनी, वाटाघाटी झाल्या.

"घरी पोचल्या पोचल्या डॉक्टरकडे जायचं."

"जाऊ."

"व्यायाम सांगतील, तो करायचा. शेजारणीशी गप्पा मारत टाळायचा नाही."

"बरं बाई."

"आणि हात बरा होईपर्यंत ढब्बूला उचलायला दिवसभराची एक बाई ठेवायची."

"बाई? माझ्या डोक्यावर?"

"तुमच्या हाताखाली. सांगायचं तुम्ही, उचलायचं तिने."

सासूबाईंनी विचार केला. "हुकूम सोडायला काही खांदा लागत नाही म्हणा."

"तेच म्हणते मी. त्या बाबतीत तुमची तब्येत ठणठणीत आहे."

"आणि पाळणाघर?"

"कुठलं पाळणाघर?" सून म्हणाली.

जाताना सासूबाईंनी दारातून मागे वळून पाहिलं, परत आल्या आणि नळ बंद केला. सासूबाई रस्त्यावर पोचेपर्यंत मावशीने तो तसाच राहू दिला. एवढा मान तिने आजवर कुणाला दिलेला नाही.

दुसऱ्या दिवशी मालकीणबाईंनी मला हातात घेऊन नाक मुरडलं. "हा तांबटाकडे पाठव. ठोकून सरळ करून आण, नाहीतर मोडीत घाल." मोडीत म्हणजे काय ते मला माहीत होतं. मी भट्टीतूनच आलोय. पण मावशीने माझा पोचा अंगठ्याने चाचपला. अंगठा त्यात नेमका बसला. तिने मला भरून उचललं, पुन्हा उचललं आणि म्हणाली, "राहू द्या. याला आता पकड आली आहे."

तेव्हापासून माझं काम बदललं. थरथरत्या हातांच्या म्हाताऱ्या येतात, आजारातून उठलेल्या येतात, बोटं आखडलेल्या शिवणकाम करणाऱ्या येतात. मावशी बाकीची चकचकीत भांडी बाजूला सारते आणि मला पुढे करते. त्यांचा अंगठा त्या खळग्यात रुतला की मी निसटत नाही. धड होतो तेव्हा मी सगळ्यांना चालत होतो. आता काही जणींना मीच लागतो.

सासूबाई पुन्हा आल्या. मुलाचं इथलं ऑफिसचं काम पुन्हा निघालं तेव्हा. त्यांनी मावशीला हवेत वाडगा काढून दाखवला आणि एका बाजूला बोटाने खड्डा दाखवला. मावशीने मला आणलं. सून शेजारीच बसली होती, हात मुद्दाम पाठीमागे धरून, पण बोटं तयारीत. मी पोटापर्यंत गेलो, छातीपर्यंत गेलो. तिथे क्षणभर थांबलो. मग कोपर कापत कापत कपाळापर्यंत, आणि पुढचं पाणी आपलं आपण पडलं. थोडं डोक्यावर, बरंचसं नाकावर. सासूबाई धापा टाकत म्हणाल्या, "आता ढब्बूला उचलते. पण तो मेला आता पळतो, हाती लागेल तर ना!"

मित्रांनो, तुमच्याही घरात पोचा पडलेलं एखादं भांडं असेल. ते मोडीत घालण्याआधी, ठोकून सरळ करण्याआधी, घरातल्या मोठ्या माणसांना विचारा की हा पोचा कधी पडला आणि कुणाच्या हातून. आणि घरातलं कुणी रोजची वस्तू वळसा घालून दुसऱ्याच हाताने घेत असेल, तर हसण्याआधी जरा नीट बघा.

आता हिशेब मिटवू. सुनेची मोकळी सकाळ गेली आणि कॉफी तर कुणीच प्यायली नाही, पण तिला घरात हक्काचं माणूस मिळालं. सासूबाईंचं गुपित गेलं आणि नातू राहिला. मावशीचा नियम एकदाच मोडला, तोही वाफेच्या नावावर गेला. सगळ्यांचं गेलं ते कुठून ना कुठून भरून आलं. त्या सकाळचं मोल अंगावर घेतलं ते एकट्या माझ्या काठाने, आणि ते मला परत नको आहे.